निळं सूत

वेळगाव, ता. कणकवली
९ जानेवारी १९८६

कोंडीराम घाटी यास धर्माचा रामराम.

तू पत्र पाठवत नाहीस म्हणून मीही पाठवत नव्हतो. आता काम पडलं तेव्हा आठवण झाली असं म्हणशील. म्हण. गरजवंताला अक्कल नसते, आणि मला ती आधीही नव्हती. संपात मिल बंद पडल्यावर तू परळच्या फुटपाथवर पाना घेऊन बसलास आणि मेकॅनिक झालास. मी गावी येऊन भात लावला आणि माझं काहीच झालं नाही.

आता झालोय. ड्रायव्हर. आमच्या लालबागच्या ग्रामस्थ मंडळाने गावच्या दवाखान्यासाठी एक जुनी फियाट पाठवली आहे, अठ्ठावन्न सालची. मागची सीट काढून फळी टाकलीय, म्हणजे पेशंट आडवा जातो. इथून कणकवलीचं इस्पितळ बावीस किलोमीटर, मध्ये तीन वळणांची चढण. आजवर माणूस डोलीतून जायचा, वाटेत वाचला तर वाचला. वाडीत लायसन एकट्या माझ्याकडे, म्हणून चावी माझ्या कनवटीला. मालनही नर्स दमयंतीबाईंच्या हाताखाली जाते. नवरा-बायको दोघेही दवाखान्याचे, चेष्टा नव्हे.

दुखणं असं आहे. गाडी सकाळी एका सेल्फला चालू होते. सपाटीला पळते. चढणीला लागली की खोकते, झटके देते आणि बसते. दहा मिनिटं बसू दिली की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. माझ्या सासऱ्याचा राग असाच होता. प्लग नवे आहेत, करंट येतोय, म्हणजे खोट पेट्रोल पोचण्यात असणार. म्हणून मी कार्बुरेटर उघडला आणि आतली वाटी वेस्टने घासून चकचकीत केली. मिलमधलं वेस्ट अजून अर्धं पोतं आहे माझ्याकडे, आपल्या गणवेशाच्या कापडाचं निळं. तुटक्या सुताचा तो गुंता मुठीत धरला की अजून खात्यात उभा आहे असं वाटतं. पण एवढं करून गाडीची खोड काही जात नाही.

तेव्हा काय करायचं ते सविस्तर लिही. मी फिटर होतो, गाढव नव्हतो.

मालन विचारते, 'भावजी बांगडो खातत मा अजून?' तिच्या खानावळीत बांगड्याचे काटे ताटाभोवती रांगेत मांडून ठेवणारा तूच एक होतास. परवा भाकऱ्या थापताना सहज म्हणाली, आपली पोरगी आता तीन वर्षांची असती. मी उठून बाहेर गेलो. त्या विजयकर डॉक्टरच्या दवाखान्यावरून तुझं जाणं-येणं असेल ना? माझ्या वाटणीचं एकदा थुंक. 'येतो' म्हणून सांगितलं आणि माटुंग्याच्या घरात ढाराढूर झोपला. बायको इकडे तडफडत होती. मी मेलो तरी विसरणार नाही.

तुझा
धर्मा


भोईवाडा, परळ
१७ जानेवारी १९८६

धर्मा, तुला आणि वहिनींना नमस्कार.

पत्र पोचलं. ड्रायव्हरसाहेब झालात, आनंद आहे. इथे आम्ही अजून गटाराच्या कडेला उकिडवे बसून दुसऱ्यांच्या गाड्यांच्या पोटात डोकं घालतो.

तुझ्या गाडीचं लिहितो. पहिल्यांदा पेट्रोलच्या टाकीचं झाकण बघ. त्याला एक बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल येत नाही. गाडी चढणीवर बसली की लगेच झाकण फिरव. आत सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला, तर चोर सापडला. नाही झाला तर पंपावर ओलं फडकं टाक. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ कार्बुरेटरला पोचून उपयोग नाही. पंपाच्या आत जाळी असते, ती काढून ब्रशने धू. टाकीच्या तळाशी गंज साठतो. खालचा बोल्ट सोडून थोडं पेट्रोल बरणीत घे आणि रात्रभर ठेवून बघ काय खाली बसतं ते. एवढं केलंस की बहुतेक काम होईल.

कार्बुरेटर पुन्हा उघडू नको. नाजूक वस्तू आहे, आतला फ्लोट वाकला तर नवीनच दुखणं व्हायचं.

(इथे एक ओळ खोडली आहे. खराब दिसते, माफ कर.)

विजयकर डॉक्टर आता म्हातारे झाले. दवाखाना सकाळचाच उघडतात. बाकी त्यांच्याविषयी काय लिहू. झालं ते झालं, धर्मा. किती दिवस धरून बसणार?

वहिनींना सांग, बांगडा खातो. पण खानावळवाली चांगली नाही.

कोंडीराम


वेळगाव
२ फेब्रुवारी १९८६

कोंडीराम,

तू सांगितलंस ते सगळं केलं. झाकणाचं भोक मोकळं होतं. टाकीतलं पेट्रोल स्वच्छ निघालं. जाळी धुतली. पंपाला ओलं फडकं गुंडाळलं, तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्या विचारायला लागल्या की गाडीला ताप आलाय काय. आठ दिवस सुरळीत चालली. मी छाती पुढे काढून फिरलो.

मंगळवारी वरच्या वाडीतली शेवंती, पहिलटकरीण, तिला कळा सुरू झाल्या. दमयंतीबाई म्हणाल्या मूल आडवं आहे, इस्पितळात न्यायला हवं. फळीवर ती, तिच्या उशाशी मालन, पायाशी नर्सबाई. दुसऱ्या वळणावर गाडी बसली. दहा मिनिटांनी चालू झाली. दोन फर्लांग गेली, पुन्हा बसली. मग पुन्हा चालू. असं चार वेळा. साफ बंद पडली असती तर मी धावत जाऊन खालून डोली आणली असती. चालू होत होती, म्हणून आम्ही तिच्या भरवशावर बसून राहिलो. शेवंती तिथेच फळीवर मोकळी झाली. नर्सबाईंनी हात घालून मूल कसं फिरवलं ते त्यांनाच माहीत. पोर काळंनिळं होतं. इतक्या वेळाने रडलं की तोवर मी झाडाला धरून उभा होतो.

वाचलं. दोघंही वाचली. पण मालन गाडीतून उतरली ती पुन्हा चढली नाही. अकरा किलोमीटर चालत घरी आली. त्या दिवसापासून ती जेवते, काम करते, पण माझ्याकडे बघत नाही. मी तिला काय सांगू? आमच्या पोरीच्या वेळी डॉक्टर झोपला होता. या वेळी तर मी जागा होतो, रे.

तू म्हणतोस, किती दिवस धरून बसणार. तुला बोलायला काय जातं!

आता नीट वाच. खालच्या वाडीतल्या तुळसाची मुलगी कांता शिवरात्रीच्या आसपास बाळंत होणार आहे. पहिल्या वेळी तिचं पोट उघडावं लागलं होतं. कळा आल्या की तासाभरात इस्पितळात हजर करा, नाहीतर आम्हाला विचारू नका, असं तिथले डॉक्टर म्हणालेत. आठ दिवस आधी नेऊन ठेवा म्हटलं तर तुळसा ऐकत नाही. म्हणते, दारात मोटार आसा मा, मग कित्याक?

तू नको म्हणालास तरी मी काल कार्बुरेटर पुन्हा उघडला. असा पुसलाय वेस्टने की तोंड दिसेल. आणखी काही सुचत असेल तर लिही. आणि ती खोडलेली ओळ कसली होती? उन्हात धरूनही वाचता येईना.

धर्मा


तार
परळ, ७ फेब्रुवारी

कार्बुरेटर वेस्टने पुसू नकोस. सूत जेटमध्ये अडकतं. पत्र निघालं आहे.
कोंडीराम


भोईवाडा, परळ
७ फेब्रुवारी १९८६

धर्मा,

तार मिळाली असेल. आधी गाडीचं काम करून घे, मग पुढचं वाच. हात जोडून सांगतो, याच क्रमाने कर.

कार्बुरेटर खोल. वाटीतलं पेट्रोल पांढऱ्या कपबशीत ओत आणि उन्हात बघ. त्यात निळे तंतू तरंगताना दिसतील. पितळेचा जो छोटा स्क्रू वाटीच्या बुडाशी आहे, मध्ये सुईएवढं भोक असलेला, तो जेट. सपाटीला गाडी थोडं पेट्रोल मागते. चढणीला जास्त मागते, तेव्हा पेट्रोल जोराने ओढलं जातं आणि त्याबरोबर सूत येऊन त्या भोकावर बसतं. गाडी बंद पडली की ओढ थांबते, सूत सुटून वर तरंगतं आणि गाडी पुन्हा चालू होते. म्हणून ती फसवते. जेट काढून सायकलच्या पंपाने हवा मार. तार घालू नकोस, भोक मोठं होईल. वाटी, नळ्या, सगळं पेट्रोलने धू, ब्रशने, आणि हवेनेच सुकव. फडकंसुद्धा लावायचं नाही. वेस्ट तर नाहीच. त्याचे तंतू सुटतात. मिलमध्ये आपण सगळं वेस्टनेच पुसायचो, हात, यंत्र, घाम. तिथे चालायचं.

झालं असेल तर आता वाच.

हे मला कसं माहीत, ते तू विचारशील. पहिलं पत्र आलं आणि त्यात 'वेस्टने घासून' हे शब्द दिसले तेव्हाच मला रोग कळला होता. एका ओळीत लिहिता आलं असतं. ती ओळ लिहिली आणि खोडली. कारण तू पुढचा प्रश्न तोच विचारला असतास, आणि मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं. म्हणून झाकण बघ, जाळी बघ, असं तुला चारही दिशांना फिरवलं. शेवंती त्या वळणावर पडली होती ती माझ्यामुळे.

विजयकर डॉक्टरांची गाडीही फियाटच होती, तुला आठवत असेल. संपाच्या नवव्या-दहाव्या महिन्यात मी भोईवाड्याच्या कोपऱ्यावर 'मोटार दुरुस्ती' अशी पाटी लावली. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. रिंगफ्रेमचा फिटर, बसलो ठोकून. डॉक्टर म्हणाले, गाडी जरा झटके देते, बघशील? त्यांना दुसरे शंभर मेकॅनिक मिळाले असते. मिलचा माणूस आहे, हाताला काम नाही, म्हणून माझ्याकडे आले. मी कार्बुरेटर उघडला आणि मागच्या खिशातलं निळं वेस्ट काढून असा पुसला की डॉक्टर 'वा' म्हणाले. ती वाहवा घेऊन मी तुझ्याकडे जेवायला आलो. वहिनींनी त्या दिवशी मला बांगड्याचा जास्तीचा तुकडा वाढला.

तिसऱ्या दिवशी संपासाठी शहरात बंद होता. टॅक्सी नाही, बस नाही. दुपारी वहिनींना वेळेआधी कळा आल्या. तू इराण्याच्या दुकानातून डॉक्टरांना फोन लावलास. ते म्हणाले, रक्त जातंय तर हलवू नका, मी गाडी घेऊन निघालोच. डॉक्टर झोपले नव्हते, धर्मा. फोन ठेवला आणि निघाले. गाडी माटुंग्याच्या पुलावर चढताना बसली. मग चालू झाली. पुढे हिंदमाताला बसली. पुन्हा चालू झाली. पुन्हा बसली. दर वेळी त्यांना वाटलं, आता लागेल. शेवटी गाडी सोडून बॅग घेऊन धावत आले, साठीचा माणूस, तोवर सव्वा तास झाला होता. चाळीच्या जिन्यात ते घामाने भिजले होते ते तूही पाहिलंस. तुला वाटलं, झोपेतून उठून पळत आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी ढकलत माझ्याकडे आणली. मी वाटी खोलली. जेटवर निळं सूत होतं. त्यांनी पाहिलं. मी पाहिलं. मला वाटलं, आता कानाखाली मारतील. ते म्हणाले, "मी धर्माला सांगितलंय, डोळा लागला म्हणून. गाडी बंद पडली म्हटलं असतं तर कोणी दुरुस्त केली हे त्याने विचारलं असतं. लोक दहा महिने रिकामे बसलेत, डोकी तापलीत. त्याचं मूल गेलंच आहे, त्यात तुझा जीव आणि त्याला तुरुंग कशाला?" मी विचारलं, वेळेवर पोचला असता तर वाचली असती का? म्हणाले, "माहीत नाही. आता कोणालाच कळणार नाही." आणि मी मान हलवली. एवढंच केलं मी. मान हलवली.

अजून सांगायचं उरलंय. आठ दिवसांनी तू चाळीतली पोरं घेऊन त्यांच्या दवाखान्यावर गेलास आणि पाटीला डांबर फासलंस. डांबराचा डबा माझ्या हातात होता. माझ्याच फुटपाथवरचा. तू 'दे' म्हणालास आणि मी दिला. डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. ते बघणं मी तीन वर्षं अंगावर घेऊन हिंडतोय. त्यानंतरही मी तुमच्याकडे जेवत होतो, तुम्ही गाव गाठेपर्यंत. वहिनी वाढत होत्या आणि मी खात होतो. त्याची जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

माफी मागायचं तोंड नाही. कांताला वेळेवर पोचव.

कोंडीराम


वेळगाव
१२ मार्च १९८६

कोंडीराम,

तार पोचली, दोन दिवसांनी पत्र पोचलं. महिना होऊन गेला. मुद्दाम लिहिलं नाही. आधी लिहिलं असतं तर त्यात फक्त शिव्या असत्या.

गाडीचं पत्राप्रमाणे केलं. पेट्रोल कपबशीत ओतलं. निळे तंतू होते, पाच-सहा. एक जेटच्या भोकात अर्धा आत, अर्धा बाहेर. मी तो चिमटीत धरून अंगणात बसलो होतो. मालनने विचारलं, काय सापडलं? म्हटलं, कचरा. पोतं त्याच दिवशी परसात नेऊन जाळलं.

शिवरात्रीच्या पहाटे कांताला कळा आल्या. चढण एका दमात चढली गाडी. पस्तीस मिनिटांत इस्पितळ. पोट उघडावं लागलं, पण मुलगा आहे, रडतोय चांगला. मालन येताना गाडीतून आली. माझ्या शेजारी बसली. पुष्कळ बोलली.

आता माझं ऐक. तुझं पत्र वाचून मी तुला मारायलाच निघालो होतो. खोटं कशाला बोलू, एसटीच्या स्टँडपर्यंत गेलो. तिथे बाकावर बसल्यावर एक आठवण झाली, जी मी साडेतीन वर्षं मनात येऊ दिली नव्हती. त्या दुपारी आपल्या चाळीतल्या रामूने हातगाडी आणली होती. वर गोधडी टाकून. म्हणाला, "धर्मा, डॉक्टरची वाट बघू नको, ठेव वहिनीला यावर, आपण ढकलत इस्पितळात नेऊ, दहा मिनिटांचं काम." मी त्याला हाकलला. बाप होणार होतो ना मी. माझी बायको हातगाडीवरून, सगळ्या लालबागच्या डोळ्यांदेखत? डॉक्टर मोटार घेऊन येतोय, मोटारीतून जाईल, असं मी चाळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो. हलवू नका हे तर डॉक्टरांनी सांगितलंच होतं, पण मी थांबलो तो त्यासाठी नव्हे. मोटारीसाठी थांबलो. मग पोरगी गेली, आणि मला कोणीतरी झोपलेला हवाच होता.

तेव्हा डांबर नुसतं तुझ्या डब्यातलं नव्हतं.

डॉक्टरांना मी पत्र लिहिलं आहे. चार ओळी. पाचवी सुचली नाही. तू स्वतः जा आणि ती पाटी साफ करून दे. अजून तशीच असेल तर.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तसं वाटलं तर कळवीन. पण मालनला मी तुझं पत्र वाचून दाखवलेलं नाही, आणि हातगाडीचंही सांगितलेलं नाही. पोरगी तिच्या पोटातली होती. तिला टपालाने कळता कामा नये. शिमग्याला ये. तुझं तू सांग, मग माझं मी सांगतो. गाडी घेऊन स्टँडवर उभा राहीन.

धर्मा


भोईवाडा, परळ
१८ मार्च १९८६

धर्मा,

काल सकाळी दवाखान्यात गेलो. पेट्रोलची बाटली आणि ब्रश घेऊन गेलो होतो. पाटीवर डांबराचा ठिपकाही नव्हता. मी म्हटलं, नवीन केली वाटतं. डॉक्टर हसले. म्हणाले, "नवी कशाला? उलटी केली आणि मागच्या बाजूला नाव लिहून घेतलं." मी पाटी उतरवून फिरवली. डांबर आतल्या बाजूला तसंच होतं, त्यांच्या नावावर, तुझ्या पाचही बोटांसकट. पेशंट बाहेरून त्यांचं नाव वाचतात, आणि आत भिंतीच्या अंगाला आपण दोघं.

साफ करायला बसलो. दोन तास लागले. ते मध्ये येऊन बघून गेले आणि एवढंच विचारलं, "कशाने पुसतोयस?" म्हटलं, ब्रशने. "हं," म्हणाले. तुझं पत्र त्यांच्या टेबलावर होतं, कानाच्या नळीखाली दाबून ठेवलेलं. निघताना पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "माझ्या नको. जिच्या पडायला हवं तिच्याकडे जा."

चोवीस तारखेच्या एसटीने निघतो. पंचवीसला सकाळी पोचेन. स्टँडवर उभा राहा, पण गाडीत बोलायला लावू नकोस. एकदा बोलून टाकलं तर घरी पुन्हा तोंड उघडणार नाही, मी स्वतःला ओळखतो.

एक मागणं आहे. वहिनींची सवय मला ठाऊक आहे. दारात माणूस दिसला की काय काम आहे हे विचारायच्या आधी त्या चुलीवर आधण ठेवतात. या वेळी त्यांना ठेवू देऊ नकोस. मी ओसरीवर उभा राहून बोलेन. सगळं ऐकल्यावर त्यांनी आत जावं, आणि चहा ठेवायचा की नाही ते मग ठरवावं. नाही ठेवला तर मी संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन. तू आग्रह करायचा नाहीस.

कोंडीराम